अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर आणि मिस ओफ्टेडाल

गेल्या जुलैतल्या गावच्या मिरवणुकीत बाबांची गाडी नेमकी बँकेपुढे उकळली. १९६६ सालची, हिरवी, उघड्या टपाची गाडी. मागच्या सीटवर मिस ओफ्टेडाल होत्या. वय एक्क्याण्णव. आमच्या फॉस्मो गावातल्या तीन पिढ्यांना त्यांनी गणित शिकवलंय, बाबांना तर एकाच इयत्तेत दोनदा. त्यांना वाफेतून उतरवून ट्रॅक्टरवर बसवावं लागलं, आणि मागच्या बँडने पंचवीस मिनिटं एकच चाल वाजवली.

यंदा मिरवणुकीचं बघणारे ड्वेनकाका आधीच घरी येऊन गेले.

"ऑरिन, मनाला लावून घेऊ नकोस," ते कॉफी संपवून बाबांना म्हणाले. "शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानाला वीस मिनिटं फेऱ्या मार, मिरवणुकीच्या चालीने. तापमानाची सुई लाल पट्ट्यात गेली नाही तर बाई तुझ्या गाडीत. गेली, तर ट्रॅक्टर धुऊन ठेवलाय."

बाईंना नेण्याचं बाबांचं हे बाविसावं वर्ष होतं. ते काकांपुढची रूबार्बच्या वड्यांची बशी उचलून आत घेऊन गेले.

मी नुकतीच भौतिकशास्त्राची पदवी घेऊन घरी आले होते. इंजिनाचं पाणी थंड करणाऱ्या जुन्या रेडिएटरच्या निम्म्या नळ्या क्षारांनी बुजल्या होत्या. मी अ‍ॅल्युमिनियमचा नवा घ्या म्हटलं.

"उष्णता तांब्यातून जास्त चांगली वाहते ना?" बाबांनी विचारलं. बाईंचे विद्यार्थी असे प्रश्न विचारतात.

"वाहते. पण अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या दुप्पट रुंद करता येतात. पाण्याला आणि हवेला जास्त पृष्ठभाग मिळतो."

बुधवारी रेडिएटर आला. नळ्यांमधली पाती इतकी पातळ, की बोटानेही वाकतील. म्हणून दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावलेला होता. इंजिनाकडचा मी काढला. पुढचा मुद्दाम राहू दिला, कारण एकदा पाना निसटला की पन्नास पाती चेपतात. जुन्या गाडीत थेट बसेल असं खोक्यावर छापलं होतं. आम्ही दोन तास भोकांना कानस मारली, मग तो थेट बसला.

गुरुवारी घराजवळ फेऱ्या मारून पाहिलं. बाराव्या मिनिटाला सुई लाल पट्ट्यात.

शुक्रवारी सकाळी गाडी चढावर नाक वर करून लावली आणि पाण्यात अडकलेली हवा काढली. पुन्हा तेच. थर्मोस्टॅट बदलला. पुन्हा तेच. मी तापमापक घेऊन रेडिएटरच्या दोन्ही टाक्या मोजल्या. पाणी आत येताना एकशे चार अंश, बाहेर पडताना एकशे एक.

"पाणी फिरतंय, पण उष्णता कुठे जातच नाहीये," मी म्हटलं. "हवा कमी पडतेय."

"पंखा तर नीट ओढतोय. पुढे काही अडकलंय का बघ. किडे, गवत?"

मी गुडघ्यांवर बसून पुढच्या जाळीतून बॅटरी मारली. "काही नाही, बाबा. नेहमीसारखंच दिसतंय."

बाबा पायरीवर बसले. "ट्रॅक्टरवर उशी तरी ठेवू आपली," ते हळूच म्हणाले.

दुपारी ताई आणि रूबेनदाजी आले. दाजी अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातले, आमच्याकडे पहिल्यांदाच येत होते. बाबांनी त्यांना सगळी कहाणी ऐकवली. दाजी गाडीपुढे वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

"बाबा, एक विचारू? रेडिएटरवर पुठ्ठा कशाला आहे?"

"अरे, तो थंडीसाठी," बाबा समजुतीच्या सुरात म्हणाले. "उणे तीसमध्ये इंजिन तापतच नाही. म्हणून ऑक्टोबरपासून सगळेच लावतात."

"बरं," दाजी म्हणाले. "आत्ता जुलै आहे."

मी हातातल्या तापमापकाकडे पाहिलं. त्याने मला दोनदा खरं सांगितलं होतं. आणि जन्मापासून ज्या ज्या गाडीच्या जाळीआड पुठ्ठा पाहिला, तिथे तो असायलाच हवा होता, म्हणून आत्ताही तो नजरेला खटकला नव्हता.

"भौतिकशास्त्र, नाही का?" ताई म्हणाली.

"तू इथेच वाढलीस. तुला तरी कुठे दिसला?"

"मी बघितला," ताई म्हणाली. "मला वाटलं, बाबांनी यंदा लवकर लावला."

संध्याकाळी ड्वेनकाका घड्याळ घेऊन मैदानात उभे होते. वीस मिनिटांनीही सुई मधल्या खुणेच्या जरा खालीच होती. बाबांनी न सांगता आणखी पाच मिनिटं फेऱ्या मारल्या.

"पुरे की, ऑरिन. चक्कर मला येतेय," काका म्हणाले. "नेमकं काय बिघडलं होतं?"

"हवेचा अडथळा," मी घाईने म्हटलं. दाजी आभाळाकडे बघत राहिले.

शनिवारी ऊन कडक होतं. बाई मागे बसून पोरांकडे खाऊच्या गोळ्या फेकत होत्या, नेम अजून पक्का. मी पुढे, डोळे सुईवर. बँक आली तशी बाबांनी गाडी आणखी हळू केली, मग जवळजवळ थांबवलीच. एक मिनिट गेलं. दोन. सुई हलली नाही. बँडवाले मात्र एकमेकांकडे बघायला लागले.

बाईंनी मागून बाबांच्या खांद्यावर छत्रीची मूठ टेकवली.

"ऑरिन, उत्तर बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आता पुढचं गणित घे."

बाबांनी गाडी पुढे काढली. पुठ्ठा त्यांनी फेकलेला नाही. गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगलाय, आणि त्यावर जाड खडूने लिहिलंय: ऑक्टोबर.