अग्नी बाहेर जाईल

शिवराजांच्या सत्तरीची शांत आपल्या गावी, पापनाशमला करायची, असं त्यांच्या थोरल्या बहिणीनं फोनवर जाहीर केलं. त्या वेळी शिवराजांना पलंगापासून न्हाणीपर्यंत जायचं तरी मध्ये एकदा भिंतीला टेकून उभं राहावं लागत होतं.

त्यांच्या फुप्फुसांना वण पडत चालले होते. वण पडले की फुप्फुस ताठर होतं आणि हवा आत जाऊनही रक्तात उतरत नाही. हा आजार मागे फिरत नाही, त्याची चाल मंदावता आली तर बघायचं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. वीज मंडळात इंजिनियर म्हणून आयुष्यभर उन्हातान्हात तारांखाली उभा राहिलेला हा माणूस आता तंजावूरला, मेल वीथीजवळच्या आपल्या घरात, ऑक्सिजनच्या यंत्राला लांब नळीनं जोडलेला असे. त्या नळीची त्यांना लाज वाटे. कुणी भेटायला आलं की ते आतल्या खोलीत जाऊन बसत. दाढीसुद्धा त्यांची बायको कनकलता घरीच करून देई.

कनकलतेनं या आजारासाठी सगळं घर बदललं होतं. फोडणी परसात छोट्या शेगडीवर, दार लावून. उदबत्ती नाही, सांब्राणीचा धूप नाही, कापूर नाही. पोटाला तडस लागली की श्वास अडतो, म्हणून जेवण थोडं थोडं, दिवसभरात विभागून. आंघोळीला स्टूल, आणि तिथवर पोचणारी नळी. वीज गेली तर यंत्र बंद, म्हणून कोपऱ्यात सिलिंडर भरलेला. धाप लागली की त्यांच्यासमोर बसून ती स्वतः ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायची, आणि तिच्याकडे बघत बघत त्यांचा श्वास ठिकाणावर यायचा. येणारे जाणारे विचारत, त्यांचं कसं आहे. तिचं कसं आहे हे विचारायचं कुणाला सुचत नसे.

मुलगा कार्तिकेय चेन्नईला नोकरीत. सवड मिळाली की यायचा, अप्पांशी गप्पा मारायचा आणि परत जायचा.

थोरली बहीण म्हणजे कमलाक्षीअक्का. आई लवकर गेल्यावर शिवराजांना त्यांनीच वाढवलेलं. त्यामुळे अक्कांचा शब्द शिवराजांनी कधी खाली पडू दिला नव्हता, आणि लग्न होऊन आल्यापासून कनकलतेनंही नाही. अक्का वाईट नव्हत्या. शिवराजांच्या आजारानं त्या घाबरल्या होत्या. सत्तरीची शांत यथासांग झाली, होम झाला, तर भावाचं आयुष्य वाढेल असं त्यांना मनापासून वाटत होतं.

कनकलतेनं त्यांना फोनवर समजावलं की जप करू, अभिषेक करू, जेवण घालू, पण होम नको. धूर त्यांना सोसत नाही, शिवाय ऑक्सिजनजवळ ज्वाला असणं धोक्याचं. अक्कांनी आधी वाद घातला. मग एकदा बरं म्हणाल्या, होम नको. शिवराजांना तिनं विचारलं, तर ते म्हणाले, अक्काला वाईट वाटेल, थोडा होम झाला तर चालेल की.

"अक्कांना नाही म्हणायला तुम्हाला श्वास पुरत नाही," कनकलता म्हणाली. "मला पुरतो. मी म्हणेन."

मार्गळी संपून पोंगलचा तै महिना लागला होता. हवा कोरडी, उन्हं मऊ. कार्तिकेयनं गाडी काढली, मागे यंत्र, शेजारी सिलिंडर. पापनाशमपर्यंतच्या रस्त्याला दोन्हीकडे भाताच्या गंज्या लागल्या होत्या. शिवराज खिडकीतून बघत राहिले. खूप दिवसांनी ते गावाबाहेर पडले होते. नवीन वेष्टी नेसले होते आणि नळी उपरण्याखाली झाकायचा प्रयत्न करत होते.

मंगल कार्यालयाच्या दाराशी नादस्वरवाले बसले होते. कनकलता आत गेली आणि थबकली. व्यासपीठावर, यजमानांच्या पाटांसमोरच, विटा रचून होमकुंड तयार होतं. बाजूला गोवऱ्या, समिधा, तुपाचं भांडं. अक्का नऊवारी नेसून कुंडाभोवती कोलमची रांगोळी घालून घेत होत्या.

"अक्का, तुम्ही होम नाही म्हणाला होतात," ती म्हणाली.

"तू ऐकतेस कोठे, म्हणून म्हणाले," अक्का शांतपणे म्हणाल्या. "होम होईपर्यंत ती नळी काढून ठेवली तर काय होतं? हे सगळं त्याच्याच आयुष्यासाठी चाललंय ना?"

कनकलतेनं मागे वळून पाहिलं. शिवराज कार्तिकेयच्या आधारानं आत आले होते. त्यांनी ते ऐकलं होतं, आणि त्यांचा हात कानामागे, नळीच्या वेढ्याकडे गेला होता. लहानपणी अक्कांनी ताटावरून ऊठ म्हटलं की उठत असतील, तसाच आपोआप.

तिनं त्यांचं मनगट धरलं आणि हात खाली आणला.

मग ज्यानं त्यानं तोड काढायला सुरुवात केली. पंखे लावू. आग लहान ठेवू. वाध्यारांना, म्हणजे भटजींना, पुढे आणखी एका घरी जायचं होतं, त्यांनी सुचवलं की यजमानांना ओसरीवर खुर्ची द्या, आत त्यांच्या नावानं होम करू, अभिषेकापुरतं आत आणू. हे सगळ्यांना पटलं. कार्तिकेयसुद्धा हळूच म्हणाला, "अम्मा, हे चालेल. उगीच भांडण कशाला?"

कनकलतेनं ओसरीकडे पाहिलं. तिथे चपलांचा ढीग होता. गेली काही वर्षं असंच चाललं होतं. लग्न असो, बारसं असो, शिवराजांची सोय लागायची ती दाराबाहेर, नाहीतर घरीच. आज तर कार्यच त्यांचं होतं.

"ओसरीवर कोणी जाणार नाही," ती म्हणाली. आवाज तिनं चढवला नाही. "हे आत बसतील. बाहेर जाईल तो अग्नी."

पदर खोचून ती व्यासपीठावर चढली. वाकून तिनं कुंडाची वरची वीट उचलली, मागच्या दारानं अंगणात नेऊन ठेवली आणि दुसरी न्यायला परत आली. कोणी पुढे झालं नाही, कोणी अडवलंही नाही. नव्या रेशमी साडीला विटांची लाल भुकटी लागली. अक्का तिच्या वाटेत येऊन उभ्या राहिल्या.

"कनका, हे पाप आहे," त्या म्हणाल्या.

"असू दे, मला लागू दे," कनकलता म्हणाली आणि वळसा घालून गेली.

कार्तिकेय अप्पांना खुर्चीत बसवून उभा होता. आई गोवऱ्यांची टोपली ओढायला लागली तेव्हा तो पुढे आला आणि टोपली त्यानं उचलली. दोघांनी मिळून व्यासपीठ मोकळं केलं.

वाध्यार वैतागले. यजमानाशिवाय अंगणात होम कसा करणार, त्यांनी विचारलं. कनकलता म्हणाली, मग करू नका, जप करा, अभिषेक करा.

अक्का खुर्चीपाशी गेल्या. शिवराजांच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. "तू सांग तिला," त्या म्हणाल्या.

शिवराजांनी ओठांचा चंबू करून श्वास सोडला. पुन्हा घेतला. त्यांना वाक्य सुटं सुटं बोलावं लागे.

"अक्का... नळी मी काढणार नाही." ते थांबले. "आणि ओसरीवर... जाणार नाही. मला येथे बसायचंय."

उपरण्याखाली झाकलेली नळी त्यांनी बाहेर काढून छातीवर घेतली आणि पाटाऐवजी खुर्चीतच, व्यासपीठाच्या मधोमध बसले. जप झाला. कलशातलं पाणी गार होतं, गार पाण्यानं त्यांना खोकल्याची उबळ येई, म्हणून कनकलतेनं त्यात स्वैपाकघरातून गरम पाणी आणून मिसळायला लावलं. यंत्र दूर भिंतीशी घरघरत राहिलं. नवराबायकोच्या डोक्यावर पाणी पडलं, नादस्वर वाजलं. कोणीतरी ओल्या शिवराजांचा फोटो काढला आणि ते नळीसकट हसले.

अक्का जेवायला बसल्या नाहीत. निरोप द्यायलाही बाहेर आल्या नाहीत. परतीच्या वाटेवर शिवराजांना त्याचं फार लागलं. कनकलतेलाही वाईट वाटत होतं, पण पुन्हा तसाच प्रसंग आला तर आपण पुन्हा विटा उचलू हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तिनं ते बोलूनही दाखवलं.

नातेवाइकांत पुष्कळ बोलणं झालं. कनकलतेनं शांत मोडली, वडीलधाऱ्यांचा मान ठेवला नाही, नवऱ्याला काही झालं तर कळेल. शिवराजांचा आजार मात्र त्याच्या चालीनंच पुढे जात राहिला, होमानं थांबला नसता आणि होम न केल्यानं धावतही सुटला नाही. उन्हाळ्यात ऑक्सिजन थोडा वाढवावा लागला. पण ते आता आतल्या खोलीत लपत नसत. लहान सिलिंडर घेऊन रिक्षानं नाक्यावरच्या सलूनमध्ये जात, लोक बघत, त्यांना बघू देत. चित्रै महिन्यात, एप्रिल संपता संपता, अक्कांचा फोन आला. त्या फक्त भावाशी बोलल्या. शिवराजांनी मध्ये दम घेत घेत त्यांना सगळं सांगितलं, आणि अक्का पलीकडे थांबून राहिल्या.

कार्तिकेयला कनकलतेनं सांगितलं की यापुढे महिन्यातले दोन शनिवार त्याचे. तिनं ते विचारलं नाही, सांगितलं. त्यानं मान हलवली. ती त्याला यंत्र, औषधं, आंघोळ, सगळं शिकवत बसली.

पहिल्याच अशा शनिवारी ती बसनं ओरत्तनाडुला आपल्या बहिणीकडे निघाली. खिडकीशी जागा मिळाली. गाडी गावाबाहेर पडते न पडते तोच फोन वाजला. यंत्राच्या मागची जाळी धुवायला काढली होती, ती सापडत नाही, अम्मा, कुठे ठेवतेस तू, कार्तिकेय विचारत होता. मागून शिवराज काहीतरी सांगत होते, दोघांचा गोंधळ ऐकू येत होता.

"तिथेच असेल. शोधा दोघं मिळून," ती म्हणाली, आणि फोन पिशवीत ठेवून दिला.

मग तिनं खिडकीची काच सरकवली आणि वारा तोंडावर घेत बसली.