बलभीमच्या मेंदूतली खोडी

बेंबळी गावात बलभीमच्या खोड्यांतून कुणी सुटलं नव्हतं. भजनाला बसलेल्या दोघांची धोतरं एकमेकांना बांधून तो वर भक्तिभावानं टाळ वाजवायचा. असा माणूस गेल्या वर्षी गप्प झाला. दुःख असं काही नव्हतं, पण कशातच मजा वाटेना. धोतराचा मोकळा सोगा समोर लोळत असला तरी हात उचलेना. गावाला हायसं वाटलं. घाबरली ती एकटी त्याची बायको, कडूबाई.

तिनं त्याला सोलापूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर शिवप्रिया अशाच आजारावर अभ्यास करत होत्या, गोळ्यांनी मेंदूत काय बदलतं याचा. गोळ्या सुरू करण्याआधी त्यांनी बलभीमला मशीनमध्ये झोपवून पडद्यावरचा एक खेळ खेळायला लावला आणि मेंदूचे फोटो काढले. तो जिंकला, तरी मेंदू ढिम्म.

गोळ्या लागू पडल्यावर पुन्हा बोलावलं. मशीनच्या खोलीबाहेर सगळ्यांनी चपला काढल्या. बलभीम जरा मागं रेंगाळला. कडूबाईला वाटलं, भ्याला असेल. त्या दिवशी डॉक्टरांच्या नव्या चपला चोरीला गेल्या आणि बाई दवाखान्यातल्या रबरी सपाता घालून घरी गेल्या. दवाखान्यातसुद्धा चोर शिरतात म्हणून बलभीमही हळहळला.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी दोन्ही वेळचे फोटो शेजारी ठेवून दाखवले. जिंकताना आता मेंदूतला आनंदाचा भाग चांगला उजळत होता. कोडं वेगळंच होतं. खेळ सुरू होण्याआधी, पडदा कोरा असताना, तोच भाग सगळ्यात जास्त पेटला होता.

"तेव्हा मनात काय चाललं होतं? खरं सांगा, अभ्यासाला लागेल."

रामलिंगाचं ध्यान करत होतो, असं बलभीमनं सांगितलं. कडूबाईनं नुसतं त्याच्याकडं बघितलं. तसा तो मान खाली घालून म्हणाला, "म्या म्हनलं, डॉक्टरीनबाई चपला हुडकताना कशा दिसत्याल. बाहेरच्या, आग इझवायच्या लाल बादलीत हायेत, वाळूखाली."

डॉक्टर उठल्या, बादलीत हात घालून आल्या. वाळू झटकताना त्यांनी तोंड कडक ठेवायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत, एवढं बजावून त्यांनी दोघांना वाटेला लावलं.

तुळजापूरच्या स्टँडवर कडूबाईनं दोन पेरू घेतले. एसटी हलली तसा बलभीमनं आपल्या पेरूचा घास घेतला.

"माझा फिका हाय," म्हणत तिला कळायच्या आत त्यानं तिचा उचलून चावला.

साऱ्या एसटीला ऐकू जाईल अशी तिनं त्याची खरडपट्टी काढली. मग खिडकीकडं तोंड करून त्याचा उष्टा पेरू खाल्ला. चांगला साखरेसारखा गोड होता.