नवरदेवाला लस

“रोहिणी, तुजे होणारे सासरे जिना चढायलेत. संगं नवरदेव बी हाय,” कंपनीचे मालक महारुद्र सर खिडकीतून बघत म्हणाले. “काय केलंस बाई?”

रोहिणीनं कपाळाला हात लावला.

परभणीतल्या त्या दोन खोल्यांच्या कंपनीत ती सॉफ्टवेअर तपासायची. चार घरचं पीठ एका परातीत मळून भाकरी जमते का बघायचं, असलं काम. आज तिनं मंगल कार्यालयाच्या बुकिंगचा नवा बिल्ड, म्हणजे प्रोग्रॅमची तयार आवृत्ती, आणि मेसेज पाठवणारा बिल्ड टेस्टच्या मशीनवर एकत्र चढवले. मेसेजवाला जुना निघाला, जनावरांच्या दवाखान्यासाठी केलेला. तपासताना गिऱ्हाइकांचे नंबर वापरायचे नाहीत, म्हणून सगळे आपल्या सोयऱ्यांचे टाकायचे. रोहिणीनं तर हौसेनं स्वतःचंच लग्न बुक केलं. बटण दाबलं आणि जनावराच्या जागी नवरदेव बसून ताडकळसच्या सूर्यभानमामांना, म्हणजे होणाऱ्या सासऱ्यांना, निरोप गेला: ‘आपल्या नवरदेवाला खुरकुताची लस द्यायची आहे. मारका असल्यास दावं लावून आणावा.’

आता लग्न मोडतंय, याबद्दल तिला शंकाच नव्हती.

“जयभीम, मामा. चुकलं माजं...”

“जयभीम. ह्यो आनलाय.” मामांनी सिद्धोधनला पुढं ढकललं. “मारका न्हाई, म्हणून दावं न्हाई आनलं. कुठं टोचायचं?”

सिद्धोधन हेल्मेटमागं तोंड लपवून हसायला लागला. रोहिणी मात्र रडायलाच लागली.

“अगं, रडतीस काय! आमी मोंढ्यात बाजाराला आलतो, म्हणलं सून बघून जावं.” मामा खुर्चीवर टेकले. “ह्ये गावभर गेलं का?”

“न्हाई मामा. तुमालाच.”

“काका, तुमचे उपकार झाले,” महारुद्र सर म्हणाले. “हेच उद्या मंगल कार्यालयात चढलं असतं, तर जिल्ह्यातले सगळे नवरदेव दवाखान्यात उभे राहिले असते.”

“म्हंजे आमच्यावर फुटलं, म्हणून बाकीचे वाचले?”

“व्हय.”

मामांनी मोबाइल काढला. “मग माजा नंबर राहू दे, पोरी. अन् माज्या साडूचाबी घे. लय ताठ्यात असतो.”

रोहिणीनं मामांना वाकून नमस्कार केला आणि चहा सांगितला.

चहा पिऊन बापलेक निघाले. तिनं मेसेजचा नवा बिल्ड चढवला, धीर करून बटण दाबलं. जिन्यात मोबाइल वाजला. पावलं थांबली.

“रोहिणी... आणि... सिद्धोधन... यांच्या मंगल परिणयासाठी...” मामा एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचायला लागले. संपलं, तसं पुन्हा पहिल्यापासून.

माऊसवरचा हात तसाच ठेवून ती ऐकत राहिली.