सर, पुरवणी

मी बत्तीस वर्षं नागपूरच्या एका शाळेत इतिहास शिकवला. त्यातून कोणी इतिहास शिकलं असेल याची मला खात्री नाही. मुलांच्या मनात डोकावणारे शिक्षक असतात म्हणे. मी खिडकीकडे बघून शिकवायचो, कारण मुलांनी माझ्याकडे बघितलं की माझी सनावळी चुकायची. तेव्हा देवकी नावाच्या मुलीचं मी जे काही ओळखलं, त्याचं श्रेय मी घेत नाही. तो कागदटंचाईचा प्रताप.

साल चौऱ्याहत्तर. कागद मिळेना, म्हणून आमचे मुख्याध्यापक गणपतराव यांनी मॅट्रिकच्या सराव परीक्षेची उत्तरपत्रिका आठ पानांवरून चार पानांवर आणली. अधिक कागद हवा असेल तर उभं राहून मोठ्यानं "सर, पुरवणी" म्हणायचं, हा रिवाज जुनाच होता. परीक्षाभर वर्गावर्गातून फिरणारे गणपतराव मग जवळ येत आणि म्हणत, "आधीच्या कागदावर काय दिवे लावले, दाखव." त्यातलं एखादं वाक्य ते वर्गाला वाचून दाखवत. वर्ग हसे. मग पुरवणी मिळे. निगरगट्ट पोरं अशा तीन-तीन पुरवण्या घेत.

या परीक्षेत जो नापास, त्याचा बोर्डाचा फॉर्म शाळा पाठवत नसे. आमचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागायचा तो असा. नापास होणाऱ्याला परीक्षेलाच बसू दिलं नाही, तर निकाल बिघडवणार कोण? या कर्तबगारीबद्दल गणपतरावांचा दोनदा सत्कार झाला. दोन्ही वेळा हार मीच आणला होता, त्यामुळे मला बोलायला तोंड नाही.

देवकी विणकराची मुलगी. शेवटच्या बाकावर, भिंतीचाच भाग असल्यासारखी बसायची. सरावात तिला कुठे अठ्ठावीस, कुठे तीस, माझ्या विषयात एकतीस. पास व्हायला पस्तीस लागत. तिच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं की फॉर्म गेला नाही तर शाळा बंद, घरी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या.

"पोरगी गरीब आहे, पण डोक्यात काही शिरत नाही," गणिताच्या यमुताई म्हणाल्या आणि सुपारी कातरू लागल्या. मी मान डोलावली. मी सगळ्यांनाच मान डोलावतो.

माझी बेरीज पहिल्या खेपेला कधी बरोबर येत नाही. म्हणून देवकीचे गुण पुन्हा मोजायला तिचा पेपर उघडला, तेव्हा शेवटच्या पानाची शेवटची ओळ दिसली. "खलाशी चिडले आणि कोलंबसाला परत फिर म्हणाले, इतक्यात दूरवर त्यांना". पुढे काही नाही. पान संपलं होतं. कोलंबस भर समुद्रात.

सहापैकी तिने तीनच प्रश्न सोडवले होते. म्हणजे सोडवलेल्या पन्नास गुणांतले एकतीस. आम्ही तिला तिच्या अकलेचे नव्हे, कागदाचे गुण दिले होते.

दुसऱ्या दिवशी मी तिला व्हरांड्यातल्या माठाजवळ गाठलं.

"पुरवणी काहून नाही मागितली?" मी माठाला विचारलं.

तीही माठाकडेच बघत होती. "आठवीत मागितली होती सर. मोठ्या सरांनी वाचून दाखवलं, गांडूळ शेतकऱ्याचा मित्र आहे. मग वर्षभर सगळे मले गांडूळच म्हणत."

"म्हणून काय झालं? मागायला तर लागतेच."

"तुम्ही कुठं मागता सर?" ती हळूच म्हणाली. "दिवाळीपासून नखाएवढ्या खडूनं लिहून राहिले. ऑफिसात पेटी भरून आहे."

यावर मी माठातलं पाणी प्यायलो. तहान नव्हती.

शनिवारी शिक्षकांची सभा भरली. गणपतराव फॉर्म अडवायची यादी वाचू लागले. पाचवं नाव देवकीचं होतं. आपण उठून काय बोलायचं ते मी रात्री वहीत लिहून काढलं होतं, चांगलं दीड पान. उठलो आणि वही घरी राहिल्याचं लक्षात आलं.

"काय मुकुंदराव?" गणपतराव म्हणाले. "तब्येत बरी आहे ना?"

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "सर, पुरवणी."

सभा खदखदून हसली. "तुम्हाले कशाले पाहिजे गा पुरवणी?" कोणीतरी मागून विचारलं. मी देवकीचा पेपर टेबलावर ठेवला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून उभा राहिलो. धाडस म्हणू नका. बोट हलवायचं सुचत नव्हतं.

यमुताईंनी मान वाकडी करून ती ओळ वाचली. अडकित्ता खाली ठेवला. मग आपल्या गठ्ठ्यातून देवकीचा गणिताचा पेपर काढला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "इथं पोरीनं हातचा घेतला अन् कागद सरला. अन् मी वर लिहिलं, आळशी."

मग सगळेच गठ्ठे सोडू लागले. सायन्सवाल्यांच्या पेपरात बेडकाचं पोट फाडलेलं होतं, शिवायचं राहिलं होतं.

गणपतराव चिडले. "उद्या बोर्डात पुरवणी कोण देईन तिले? मुकुंदराव जातीन का बाकाखाली लपून? जिले कागद मागता येत नाही, तिचा फॉर्म मी पाठवत नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "सोमवारी माझ्या खोलीत बसवा. हाच इतिहास, चार पानं. मागितली तर पाठवतो."

सोमवारी मी खोलीच्या दाराशी उभा राहिलो. गणपतराव मुद्दाम वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसले होते. देवकीचं चौथं पान तासाभरात भरलं. तिने पेन खाली ठेवलं. शिपाई धोंडबा चहा ठेवून गेला, त्यावर साय आली. माझ्या हातातल्या खडूच्या तुकड्याचं पीठ झालं. मला वाटलं, आपण म्हणून टाकावं. पण मी मागून आता काही उपयोग नव्हता.

ती उठली. बाक करकरला.

"सर, पुरवणी."

"आधीच्या कागदावर काय दिवे लावले, दाखव," वर्तमानपत्र सवयीने म्हणालं.

"नाही दाखवत," देवकी म्हणाली. शब्द सगळे दारापर्यंत ऐकू आले. "लिहून झालं की एकदम पाहा. अन् दोन द्या. एक मागच्या खेपेची आहे."

गणपतरावांनी वर्तमानपत्र खाली केलं. तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे, जणू हे मीच शिकवलं होतं. मी घाईने नकारार्थी मान हलवली. मग त्यांनी खण उघडला आणि दोन पुरवण्या टेबलावर सरकवल्या.

ती बसली आणि लिहू लागली. वाकून पाहायचा धीर मला झाला नाही. संध्याकाळी पेपर तपासायला आला तेव्हा पुरवणीची पहिली ओळ वाचली. "जमीन दिसली."

फॉर्म बुधवारी गेला. गुरुवारी मी खडू मागायला ऑफिसच्या दारापर्यंत गेलो, आत कारकून कोणाशी तरी बोलत होता, म्हणून परत आलो. वर्गात टेबलावर नवा, अख्खा खडू ठेवलेला होता. कोणी ठेवला, ते मी विचारलं नाही. खिडकीकडे वळलो आणि शिकवायला लागलो.