चारशे सोळा नंबरचा लाल

स्तनाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेऊन झालं, तरी रंगाच्या दुकानात रंग कालवून देणाऱ्या काकूंची छाती लालबुंद होती. कपडा नुसता घासला तरी जीव जायचा. नर्सबाईंनी बजावलं होतं, "लाली वाढली तर फोन करा." आता लाली नुसती अंदाजाने ठरवायला काकू काय नवख्या होत्या? त्यांनी दुकानातलं शेडकार्ड, म्हणजे प्रत्येक छटेला नंबर असलेला रंगांचा तक्ता, घरी आणलं. रोज सकाळी त्या ते छातीशी धरायच्या आणि काका जुळलेल्या रंगासमोर पेन्सिलीने तारीख टाकायचे.

"काल चारशे चौदा, आज चारशे सोळा," काकूंनी फोनवर कळवलं.

"काकू, कार्ड राहू द्या," नर्सबाई म्हणाल्या, "तुम्ही या."

डॉक्टरांनी मलम दिलं, सैल सुती कपडे घालायला सांगितले. तारखा हळूहळू गुलाबीकडे सरकल्या. काकू कामावर परतल्या, कार्डही परतलं.

पहिल्याच गिऱ्हाइकाने चारशे सोळावर बोट ठेवलं. "बैठकीच्या भिंतीला हाच द्या. टिकेल ना?"

मालक शेजारीच उभे होते.

"छे हो!" काकू कडाडल्या. "महिन्याभरात उतरतो. माझ्या अंगावरून उतरला, तुमच्या भिंतीची काय कथा!"