‘माफ करा’ म्हणणारी टिटवी

मी एक तक्ता बोलतोय. भिंतीवरचा पाढ्यांचा नव्हे, मांडीवरचा. माझ्यावर वीस चौकोन आहेत, चौकोनात चित्रं आणि चित्राखाली शब्द. ज्या मुलांच्या तोंडून शब्द निघत नाहीत त्यांनी माझ्यावर हात ठेवायचा आणि मी त्यांच्या वतीनं बोलायचं, अशी योजना. दुसऱ्याचं बोलणं हाच माझा पेशा. आज पहिल्यांदाच स्वतःचं बोलतोय, तेव्हा थोडं तिरकस झालं तर चालवून घ्या. फार दिवस फार गोड बोलावं लागलंय मला.

माझा जन्म शाळेच्या ‘उपचार कक्षा’त झाला. निदान दारावर तशी पाटी आहे. आत दोन बंद कपाटं, मोडक्या बाकांची चळत, गेल्या संमेलनाचे पुठ्ठ्याचे डोंगर आणि डोंगराच्या पायथ्याशी, खरोखरीच्या उपचारांसाठी, एक टेबल. तिथं एक आड एक गुरुवारी थेरपीताई यायच्या. ज्यांना बोलता येत नाही त्यांना बोलायची वाट काढून देणं हे त्यांचं काम. त्यांच्याकडे नऊ शाळा होत्या. म्हणजे आमच्या शाळेतल्या मुलांना काही सांगायचं असेल, तर ते पंधरा दिवसांतून एकदा, अकरा ते बारा या वेळात सांगावं, अशी चोख व्यवस्था होती.

ताईंनी माझा कच्चा आराखडा काढला तो टिटवीसाठी. टिटवी दुसरीतली. हे लाडाचं नाव तिच्या बाबांनी ठेवलेलं, कारण तिला एकच आवाज काढता यायचा, उंच आणि तुटक. ती चाकांच्या खुर्चीत बसायची. हातपाय तिचेच होते, पण वागायचे स्वतःच्या मर्जीनं. डोकं मात्र लख्ख. वर्गात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांच्या आधी तिच्या डोळ्यांत दिसायचं. पण डोळे तपासून गुण द्यायची पद्धत आमच्याकडे नाही.

आराखड्यात पहिल्या ओळीत चार घरं होती: हो, नको, दुखतंय, थांब. तो मुख्याध्यापकांकडे गेला आणि सरांनी सभा बोलावली. सुरुवातच नकारानं कशी करायची, असं सर म्हणाले, आणि ‘नको’च्या जागी ‘धन्यवाद’ आलं. ‘दुखतंय’ वाचून पाहुण्यांना वाईट वाटलं असतं, म्हणून तिथं ‘मला माझी शाळा आवडते’ आलं. ‘थांब’ हे मोठ्यांना उद्देशून फारच उद्धट, त्याचं ‘माफ करा’ झालं. ‘हो’ला कुणाचीच हरकत नव्हती. सभेचं बोलावणं ताईंनाही होतं. फक्त सभा बुधवारी होती.

मग मला चकचकीत प्लास्टिकचं वेष्टण चढलं. तळाशी देणगीदारांचं नाव छापलं गेलं, ‘शू’च्या चौपट अक्षरात. घाईची शू लागलेल्या मुलीनं आधी त्यांचं स्मरण करावं, असा हेतू असावा. पुढच्या गुरुवारी ताईंनी मला पाहिलं, दोनदा वाचलं आणि सरांच्या खोलीत गेल्या. परत आल्या तेव्हा ‘पुढच्या छपाईत बघू’ एवढंच घेऊन आल्या.

टिटवी मात्र माझ्यावर खूश होती. तिचं बोलणं सावकाश. आधी नजर पोचायची, मग हात निघायचा, वाटेत दोनचार घरं ओलांडायचा, चुकायचा, मागं यायचा आणि शेवटी अंगठ्याचं पेर हव्या त्या चित्रावर टेकायचं. एक शब्द म्हणजे अर्धं मिनिट. माणसांना एवढा वेळ कुठला. कुणी तिचं वाक्य निम्म्यातच ओळखून निघून जायचं, कुणी प्रेमानं तिचा हात धरून आपल्याला हव्या त्या घरावर ठेवायचं. ‘धन्यवाद’ तर तिनं बहुतेक दुसऱ्यांच्याच ताकदीवर म्हटलेलं आहे.

पावलं वाकडी होऊ नयेत म्हणून तिला स्प्लिंट दिले होते. म्हणजे पायाच्या मापाचे कडक प्लास्टिकचे साचे, पट्ट्यांनी आवळायचे. रोज शाळेत दोन तास. वर्गबाई ते बांधायच्या आणि तक्त्यावर, माझ्यासारख्याच एका कागदी भावावर, बरोबरची खूण करायच्या. बाई वाईट नव्हत्या. बेचाळीस मुलांमधून वेळ काढून त्या हे करायच्या. साचे मात्र दीड वर्षापूर्वीचे होते, आणि दीड वर्षात पाय वाढतात हे अर्जांना कुणी कळवलं नव्हतं. नव्या साच्यांचा अर्ज ‘पुढं पाठवलेला’ होता. पुढं म्हणजे कुठं, ते अर्जालाच ठाऊक.

एका सकाळी पट्टा आवळताना टिटवी ओरडली. सवय होईल, असं बाई म्हणाल्या. मग तिचा हात माझ्यावर आला. ‘हो’वर घुटमळला, ‘धन्यवाद’ ओलांडून गेला, शाळेच्या आवडीवरून सरकला आणि ‘माफ करा’वर टेकला.

बाई विरघळल्या. पट्टा सोडून त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. अगं बाळा, माफी कसली, तुझं काहीच चुकलं नाही, असं म्हणाल्या. तेवढा वेळ पट्टा सैल राहिला.

टिटवीनं ते हेरलं. वीस घरांत एकच घर असं होतं, ज्यावर हात ठेवला की समोरच्याचे हात थांबतात. मग ती रोज ‘माफ करा’ म्हणू लागली. पट्टा बांधताना, बांधल्यावर, गणिताच्या तासाला, डबा खाताना. मला कळत होतं. तिचा अंगठा जोर लावून टेकायचा तो माझ्याच अंगावर. पण माझ्या घरात जे छापलंय तेवढंच मी बोलणार.

शाळा धन्य झाली. मुख्याध्यापक तिला पाहुण्यांसमोर आणू लागले. बघा, बोलता येत नाही पण संस्कार बघा. पाहुणे डोळे पुसायचे. पालकसभेत तिला सौजन्याचं पारितोषिक मिळालं आणि व्यासपीठावरून खाली येईपर्यंत ती तीनदा ‘माफ करा’ म्हणाली. टाळ्या थांबेनात.

घरी आंघोळ घालताना आईला घोट्यावर लाल वण दिसला. तिनं शाळेच्या निरोपांच्या वहीत लिहून विचारलं. वहीतून उत्तर गेलं: ‘सुरुवातीला लाल होतं, सवय होईल. मुलगी अतिशय नम्र आहे, अभिनंदन.’ आईनं ‘अभिनंदन’ परत परत वाचलं असावं. पुन्हा तिनं विचारलं नाही.

हे सगळं मोडलं ते मावशींनी. मावशी मुलांना स्वच्छतागृहात न्यायच्या, भरवायच्या, उचलून ठेवायच्या. सभेला त्यांना कुणी बोलावत नसे. एका गुरुवारी टिटवीला उपचार कक्षात सोडताना त्या दारातच थांबल्या.

“ताई, एक विचारू? ही पोर दिवसभर माफी मागते. हिनं केलंय तरी काय?”

ताईंनी पेन खाली ठेवलं. टिटवीची खुर्ची स्वतः ढकलत वर्गात नेली आणि मागच्या बाकावर बसून राहिल्या. बाईंनी साचे काढले, बांधायला घेतले. हात निघाला. ‘माफ करा.’ बाई थांबल्या, गोड बोलल्या, पुन्हा आवळू लागल्या. ‘माफ करा.’ ताई उठल्या आणि दोन्ही साचे सोडवले. मोजा एका जागी चिकटला होता. तो ओला करून काढावा लागला. खाली घोट्याच्या हाडावर जखम होती, आठ आण्याच्या नाण्याएवढी आणि खोल.

बाई जमिनीवर बसल्या.

“म्हणजे ती रोज मला थांबवत होती?”

ताई हो म्हणाल्या.

बाईंनी टिटवीच्या मांडीवर हात नेला आणि आपलं बोट माझ्या ‘माफ करा’वर ठेवलं. बराच वेळ तसंच ठेवलं. टिटवीनं ते बोट पाहिलं, बाईंना पाहिलं, मग अंगठा सरकवत ‘पाणी’वर नेला. तिला तहान लागली होती.

त्याच दिवशी ताईंनी कागदाचा चौकोन कापला, पेनानं आडवा हलणारा हात काढला, खाली ‘नको’ लिहिलं आणि चिकटपट्टीनं ‘मला माझी शाळा आवडते’वर डकवला. शेजारी ‘दुखतंय’ आणि ‘थांब’. सर धावत आले. नेमकं तेच वाक्य झाकायचं होतं का, असं त्यांनी कळवळून विचारलं.

“सर, आता तिला ‘नको’ही म्हणता येतं. शाळा आवडते का विचारल्यावर ती ‘हो’ म्हणालीच, तर ते खरं असेल,” ताई म्हणाल्या.

पुढचे पंधरा दिवस टिटवीनं कसर भरून काढली. गणित नको. फोटो नको. भरवायला आलेल्या पाहुण्या बाई नकोत. मावशी तोंडाला पदर लावून हसायच्या. नवे साचे आले, जखम भरली, तेव्हा बाईंनी पट्टा हातात घेऊन आधी विचारलं आणि थांबल्या. पूर्ण अर्धं मिनिट. ‘नको’ आलं. बाईंनी पट्टा खाली ठेवला. दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं. टिटवी म्हणाली, ‘हो.’

टिटवी आता मोठ्या शाळेत आहे. तिच्याजवळ मोठ्यानं बोलणारं यंत्र आहे, आणि ते फारसं नम्र नाही असं ऐकतो. माझं वेष्टण सुटलंय, देणगीदारांचं नाव घासून गेलंय. पाहुण्यांसमोर मला आता कुणी नेत नाही. तुमच्या ओळखीच्या शाळेत असा एखादा गोड तक्ता असेल, तर त्याचं कौतुक करण्याआधी जरा त्याच्यावर ‘दुखतंय’ शोधून पाहा.

चला, मला जायला हवं. पहिलीत एक नवी मुलगी आलीय. तिनं अजून माझ्या एकाही चित्राकडे पाहिलेलं नाही, सकाळपासून नुसता माझा कोपरा चावतेय. तिच्या बाई म्हणाल्या, काढून घेऊ का? मावशी म्हणाल्या, राहू द्या, बघू या काय म्हणतेय ते.