बेवारस धूर

चैत्रातल्या सकाळी घोडाटेकडीवरच्या मचाणावरून तीस-पस्तीस धूर दिसत. परक्याला ते सारे सारखेच. मंगलीला मात्र प्रत्येक धुराचं घर माहीत होतं.

मोहाची फुलं पहाटे गळतात. ती नजरेला पडावीत म्हणून लोक दव असतानाच झाडाखालचा पालापाचोळा जाळून घेतात. आता जंगलातलं झाड म्हणजे कुणाचंही, असं शहरातल्या माणसाला वाटतं. वाटू द्या. इथं आज्याकडून बापाकडे आणि बापाकडून लेकाकडे, ठरल्या घराचं ठरलेलं मोहाचं झाड असतं. मग धूरही ठरल्या घराचाच.

मचाणावरचा राखणदार खरं तर मंगलीचा नवरा, पत्रू. अकरा वर्षं तो वनखात्यासाठी आगीवर नजर ठेवून होता. पितळेचा बिल्ला गळ्यात घातल्याशिवाय बाजारालाही जायचा नाही. गेल्या दिवाळीत चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, पाट्या बदलल्या, साहेब बदलले. मचाणाच्या शिडीच्या दोन पायऱ्या तेवढ्या तुटक्याच राहिल्या. त्यातल्याच एकीवरून घसरून पत्रूचा पाय मुरगळला, टम्म सुजला. तेव्हापासून बिल्ला गळ्यात अडकवून मंगलीच वर चढू लागली.

लटारू नाकेदार, म्हणजे या भागाचा वनरक्षक, मनानं वाईट नव्हता, भित्रा होता. "नाव पत्रूचंच राहीन," तो म्हणाला. "तू फक्त बसून राह्य. पण घंटा माह्याबिगर वाजवाची नाई. जंगूचं काय झालं, मालूम हाय ना?"

जंगूचं सगळ्यांनाच मालूम होतं. पलीकडच्या टेकडीवरच्या या राखणदारानं मागच्या साली धूर पाहून घंटा दिली. साठ माणसं डहाळ्या घेऊन चार कोस धावली, तर तिथं एक म्हातारी आपल्या मोहाखाली पाला जाळत बसलेली! जंगूची नोकरी गेली ती गेलीच, वर बाजारात पोरंसोरं विचारायची, "काहो जंगूभाऊ, आमची चूल पेटली, घंटा देता का?" बिचाऱ्यानं बाजारच सोडला. पत्रूवर ती पाळी आली तर तो जगणार नाही, हे मंगलीला पक्कं ठाऊक होतं.

त्या दिवशी ऊन जेमतेम टेकडीवर आलं होतं. बोडीच्या नाल्यापलीकडे एक बारीक, पांढरा धूर उठला. मंगली उठून उभी राहिली. तेवढ्यात फेरीवर निघालेला लटारू धापा टाकत वर आला. तिनं बोट दाखवलं.

"मोहाचाच हाय," लटारू म्हणाला. "पांढरा हाय, बारीक हाय. बस खाली."

"कोणाचा?"

"मंजे?"

"कोणाच्या मोहाचा, नाकेदार भाऊ? नाल्याच्या तिकडं, बांबूत, दोनच मोह. एक पोचूचा, तो मागच्या वावधनात पडला. दुसरा झिंगूचा. झिंगूच्या घरचे समदे पोरीच्या लग्नाले सिरोंच्याकडं गेले, दाराले काटी लावून. मंग पाला कोणं जाळला?"

"मले काय मालूम!"

"तुमाले मालूम नाई. मले मालूम नाई. मंग तो धूर बेवारस हाय."

लटारूला हसू आलं. बेवारस गुरं त्यानं कोंडवाड्यात घातली होती, बेवारस धूर पहिल्यांदाच ऐकला. पण मंगली हसत नव्हती. तिनं पश्चिमेकडे पाहिलं. आभाळाची कड पिवळी पडली होती आणि घारी खाली उतरल्या होत्या. दुपारपर्यंत वावधन येणार, धुळीचं वादळ, मोठमोठी झाडं लोळवणारं. नाल्यापलीकडचा बांबू त्या साली फुलून उभा वाळला होता. आणि त्या बांबूला लागूनच पूर्वेला खुर्सापार, चाळीस घरं, सारी गवतानं शाकारलेली.

"दुपारपर्यंत पाहू," लटारू काकुळतीला आला. "मोहाचा असंन तर उन्हासंगं विरून जाईन. नाई विरला तर वाजव."

"दुपारी वाजवून काय राख सावडाची हाय?"

"पत्रूची नोकरी जाईन, बाई! माही बी जाईन!"

मंगलीचा हात बिल्ल्यावर गेला. तिला भीती वाटली, खूप वाटली. पत्रू मान खाली घालून बाजारातून चाललाय, हे तिला डोळ्यांसमोर दिसलं. मग तिला खुर्सापारच्या अंगणात मोहफुलं वाळवणारी नीलाबाई दिसली. मचाणाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर तिनं लोखंडी सळई अशी हाणली की लटारूनं कानांवर हात ठेवले. तीनदा, थांबून पुन्हा तीनदा. आग, आग.

माणसं निघाली. कुरकुरत निघाली, कारण जंगूचं साऱ्यांना आठवत होतं. नाल्यापलीकडे पोचल्यावर मात्र कुरकुर थांबली. बांबूच्या बेटात जमिनीलगत आग पसरत चालली होती. भराभरा गवत उपटून, पाला झाडून त्यांनी गावाच्या अलीकडे लांब पट्टा मोकळा केला आणि त्या पट्ट्यावरून आगीच्या दिशेनं उलटी आग सोडली. ती पुढं सरकते न सरकते तोच वावधन आलं.

मचाणाचा खांब धरून मंगली पाहत होती. बांबूच्या कांड्या फटाफट फुटत होत्या, ज्वाळा झाडांच्या वर गेल्या. आग खुर्सापारकडे धावली, काळ्या पडलेल्या पट्ट्यापाशी आली आणि तिथं तिला खायला काही मिळालं नाही. चाळीसच्या चाळीस घरं शाबूत राहिली. मंगली खांबाला डोकं टेकून रडली.

आग कुणी लावली, कुणाची बिडी पडली, ते आजवर कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी रेंजर साहेब नोंदवही घेऊन गावात आले. इथली बातमी चांद्याला जाई, चांद्याहून वर, आणि साऱ्या देशातल्या आगी नि वादळं कुठंतरी एका टेबलावर जमत, असं लटारू सांगे. ते टेबल त्यानं पाहिलं नव्हतं, पण सांगताना त्याची छाती फुगायची. आज मात्र त्याला घाम फुटला होता.

"घंटा कोणी दिली?"

"पत्रूनं, साहेब," लटारू म्हणाला.

काठी टेकत पत्रू पुढे आला. "खोटं हाय, साहेब. मी घरी पाय शेकत होतो. घंटा माह्या बाईनं देल्ली. नोकरी काढाची तं काढा, पण नाव तिचंच लिवा."

साहेबांनी मंगलीकडे पाहिलं. "तो धूर मोहाचा नाही, हे कसं ओळखलंत?"

तिनं सांगितलं. त्या दिवशीचे एकूण एक धूर घरवार सांगितले, एकही न चुकता. साहेब लिहिता लिहिता थांबले, मग पुन्हा लिहू लागले. पत्रूचं नाव त्यांनी काढलं नाही. त्याच्याखाली लिहिलं, मंगली पत्रू कोवे, आणि ते मोठ्यानं वाचून दाखवलं. पत्रूनं ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं.

पुढल्या चैत्रात नवी वही आली. धुराची वेळ, धुराची दिशा, आणि त्यांच्या शेजारी एक नवा रकाना, धुराचा मालक. लटारू मचाणावर पेन्सिल घेऊन बसला. बिल्ला गळ्यात घालून मंगली बोट फिरवत एकेक नाव सांगत गेली. कोलू, इतवारी, नीलाबाई, झिंगू.

"आज बेवारस किती?" लटारूनं विचारलं.

मंगलीनं साऱ्या रानावरून पुन्हा एकदा नजर फिरवली.

"एक बी नाई," ती म्हणाली. "आज समदे घरचे हायेत."